नऊ किलो गेले कुठं?

दारूचा थेंब न घेता माझं लिव्हर खराब झालं, तेव्हा आमच्या निम्म्या चौसाळा गावानं मला चोरून पिणारा ठरवलं. उरलेल्यांनी उपाय सांगितले. कापडाच्या दुकानात तीस वर्षं बसून वाढवलेलं पोट आणि जोडीला साखरेचा आजार, एवढीच माझी कमाई. डॉक्टर म्हणाले, "लिव्हरवर चरबी चढलीय, वजन कमी करा." कसं, ते ऐकायला मी थांबलोच नाही.

लोकांचं ऐकून जेवण कमी केलं. डाळ जड, दूध जड, अंडं तर नावही नको. सकाळी काढा, दुपारी अर्धी भाकरी, संध्याकाळी पपई. चार महिन्यांत नऊ किलो उतरलो. दुकानात येईल त्याला आधी आकडा सांगायचा, मग कापड दाखवायचं.

मग मांजरसुंब्याला मेव्हण्याच्या मुलीचं लग्न झालं. पंगतीला मांडी घालून बसलो. जेवणं झाली, लोक उठले, मला उठता येईना. हात टेकले, गुडघ्यावर आलो, परत बसलो. वाढप्याला वाटलं, पोट भरलं नाही. त्यानं आणखी दोन जिलब्या वाढल्या. शेवटी दोघांनी काखेत हात घालून उभं केलं. "पाव्हणे लई जेवले," एक जण म्हणाला. मी एक पुरी खाल्ली होती! लाजेनं कान तापले, पण पाय लटपटत होते त्याची भीती जास्त होती.

घरी बायको म्हणाली, "पोट तर जिथल्या तिथं हाय. मग नऊ किलो गेले कुठं?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. तिनंच मला बीडला त्याच डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "हात न लावता पाच वेळा उठा-बसा." तिसऱ्यांदा मी त्यांचंच टेबल धरलं.

"चरबी बरीचशी तशीच आहे, गेले ते मांड्यांचे स्नायू," ते म्हणाले. "आजारी लिव्हर ऊर्जेचा पुरेसा साठा करू शकत नाही. तुम्ही उपाशी राहिलात की शरीर स्वतःचंच मांस खातं."

"ऐकलं का?" बायको म्हणाली. "अंडं चालत नव्हतं म्हणं!"

त्या दिवसापासून अंडी, डाळ, दही, झोपताना थोडं खाणं, आणि गल्ल्यामागं खुर्चीवरून उठबस. वजन दोन किलो वाढलं तेव्हा लोक हळहळले. लिव्हर बरं झालं नाही, पण बिघडलंही नाही. पोट फारसं हललं नाही. परवा मात्र सतरंज्यांचा गठ्ठा मी एकट्यानं उचलून फळीवर ठेवला. बघायला गिऱ्हाईक एकही नव्हतं.