माधवच्या पेटीचा पट्टा

माधवच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा, फोन आला तेव्हा मी चामराजपेटच्या माझ्या दुकानात एका गलेलठ्ठ नवरदेवाच्या कमरेला टेप लावून उभा होतो, आणि मापाच्या वेळी श्वास रोखून पोट आत घेणाऱ्या गिऱ्हाइकांच्या नकला त्याला करून दाखवत होतो. आमच्या घरात शिंपीकाम आणि नाटकीपणा दोन्ही पिढीजात. फोनही मी आमच्या मराठी मंडळाच्या नाटकातल्या राजाच्या आवाजात उचलला. पलीकडून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे न्हाणीघरात पडले. डोक्यात रक्तस्राव झालाय. या..." मी टेप गळ्यात तसाच घेऊन रिक्षात बसलो. दोन दिवसांनी डॉक्टरांनी सांगितलं, मेंदू मृत झालाय. आता दीड महिना होऊन गेला. तो नवरदेव लग्न करून मोकळा झाला, पण त्याला दाखवत होतो त्या नकला काही मी पुन्हा कुणाला करून दाखवल्या नाहीत.

डॉक्टर माधव माझा शाळेपासूनचा मित्र, एकाच गल्लीतला. मी त्याला माध्या म्हणायचो; तो मला मुद्दाम चारचौघांत 'मास्तर' म्हणायचा, म्हणजे नव्या माणसाला वाटावं, मी कुठे तरी गणित शिकवतो. पुढे तो यकृतरोपणाचा सर्जन झाला. गेलेल्या माणसाचं यकृत काढायचं, ते दुसऱ्या रुग्णालयात न्यायचं आणि कुणाच्या तरी पोटात बसेपर्यंत जपायचं. शस्त्रक्रियेपेक्षा या मधल्या जपण्यातच त्याचा जीव अडकलेला. त्याच्या बर्फाच्या पेटीला जाड कॅनव्हासचं आवरण मीच शिवून दिलं होतं, खांद्याला अडकवायच्या रुंद पट्ट्यासकट. माध्या ताडमाड, तेव्हा पट्टाही तसाच लांबलचक. "या पट्ट्यात तुझ्यासारखे दोन झोके घेतील, मास्तर," असं म्हणून त्याने तो खांद्यावर टाकला होता.

यकृत नेताना ते गार द्रावणात बुडवून एकात एक अशा तीन पिशव्यांत बांधायचं आणि बर्फ सगळ्यांच्या बाहेर ठेवायचा, ही त्याची शिस्त. "गारवा लागू दे, बर्फ लागू नये. बर्फ थेट टेकला की ते तिथे जळतं." ही शिस्त त्याने आम्हा सगळ्यांवर लादली. सहलीला जाताना श्रीखंड तीन पिशव्यांत. लग्नात आइस्क्रीमवाल्याला बाजूला घेऊन पाऊण तास व्याख्यान. खाण्यापिण्यासाठी त्याच्या घरी तशीच दुसरी पेटी होती. एकदा होसूर रोडवरून आम्ही ती पुरणपोळ्यांनी भरून रिक्षातून नेत होतो, तर रिक्षावाल्याने विचारलं, "पेटीत काय, सार?" माध्या अतिशय गंभीरपणे म्हणाला, "हिच्यात होळिगे. हिच्या बहिणीत माणसाचं लिव्हर असतं." रिक्षावाला नुसतं "सरी सार" म्हणाला आणि उरलेला सगळा रस्ता आरशात बघत राहिला. उतरल्यावर त्याला होळिगे देऊ केली... त्याने काही घेतली नाही.

मग त्यांच्याकडे यंत्र आलं. शंका येण्याजोगं यकृत त्यात ठेवायचं, त्याच्यातून ऊबदार रक्त फिरवायचं आणि ते काम करतं का ते बघायचं. पित्त वाहू लागलं, रक्तातलं आम्ल उतरलं, तर ते जिवंत. नाही तर नाही. एका सकाळी हॉटेलात, तुपाने थबथबलेला डोसा पुढ्यात असताना त्याने मला त्याची चित्रफीत दाखवली. काचेखाली तपकिरी मांस, बारीक नळीतून उतरणारं काळपट सोनेरी पित्त. "बघ, शरीर नाही, डोकं नाही, मालक नाही. तरी कामाला लागलंय. तुझ्यापेक्षा बरं." मी डोसा सरकवला, त्याने दोन्ही खाल्ले. खाताखाताच म्हणाला, "आणि पित्त आलं नाही ना, तर लावायचं नाही. कुणाचंही असो."

तेव्हा आम्हाला काय माहीत, कुणाचं असणार होतं...

कुणी विचारायच्या आत वहिनींनी सांगितलं, "सगळं द्या. यकृत तर द्याच." पण ते चरबीने भरलेलं निघालं. एवढी वर्षं खाल्लेलं तूप कुठे जाणार? त्याची विद्यार्थिनी, डॉक्टर रम्या, हिने ते यंत्रावर ठेवलं. बाहेर कुणी तरी रुग्ण त्याची वाट बघत तयार होता. आम्ही खालच्या मजल्यावर बाकावर बसून होतो. देह ताब्यात मिळाला, गाडी दारात लागली, तरी वहिनी उठेनात. दुपार उतरली तेव्हा रम्या आली. लहानखुरी पोर. वहिनींच्या पुढ्यात खाली फरशीवरच बसली.

"अम्मा, पित्त आलं नाही. मी ते लावू देणार नाही."

"आणखी थोडा वेळ ठेव. स्वल्प."

"ठेवलं, अम्मा. सर थांबले असते त्याहून जास्त थांबले."

"हाताला धरून शिकवलं ना गं तुला त्यांनी?"

मी म्हणालो, "वहिनी, मूत्रपिंडं दिली की. डोळेही दिले."

"ते सगळ्यांचंच देतात," वहिनी म्हणाल्या. "आयुष्यभर यांनी दुसऱ्यांची जपली. यांचं एक या लोकांना..." आणि मग रम्याकडे बघून, "दुसरं कुणी डॉक्टर असतं तर लावलं असतं."

"हो, कदाचित," रम्या म्हणाली. "सरांनी नसतं लावलं."

वहिनी उठल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. प्रत्येक प्रसंगाला माझ्याजवळ एक तरी वाक्य असतं. त्या दिवशी मी नुसतं गाडीचं दार लावून घेतलं. वहिनींनी रम्याचं नाव अजून घेतलेलं नाही. वरच्या खोलीतल्या त्या यंत्राने मित्राचं यकृत परत केलं, असं मी दोन-तीनदा किस्सा सांगावा तसं स्वतःशी म्हणून पाहिलं. गोष्ट काही रंगेना.

गेल्या आठवड्यात रम्या दुकानात आली. हातात ती पेटी, माझं आवरण घातलेली. आता यकृत आणायला तीच जाते.

"मास्तर, पट्टा लहान करून द्या. पेटी गुडघ्याला आपटते." मग म्हणाली, "अम्मा कशा आहेत?"

"घरी जाऊन विचार."

"दार उघडतील?"

"माहीत नाही गं."

तिने पट्टा खांद्यावर घेतला. मी खडूने खूण केली आणि कात्री उचलली. पट्ट्याच्या वरच्या बाजूला कॅनव्हास मऊ पडून काळवंडला होता, माध्याच्या खांद्याएवढ्या रुंदीत. कात्री ठेवून दिली. जास्तीचा सगळा पट्टा आत दुमडला आणि वरून दुहेरी शिलाई मारली.

रम्याने बोटाने चाचपून पाहिलं. "इथे एवढा जाड का, मास्तर?"

"असू दे," मी म्हणालो. "खांद्याला रुतणार नाही."

तिने पेटी उचलून अडकवली, दोन पावलं चालून पाहिली. गुडघ्याला लागत नव्हती.