मागच्या नावेचे बिरादार सर

विश्वंभर बिरादार सरांची आणि माझी पहिली भेट नांदेडच्या आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर झाली, आणि त्या भेटीत त्यांनी माझा जाहीर अपमान केला. सर तेव्हा फौजेतून निवृत्त होऊन क्रीडाशिक्षक म्हणून नुकतेच रुजू झाले होते. बाजारात बैल पाहावेत तसे ते रांगेतल्या पोरांचे हात-खांदे बघत पुढे सरकत होते. माझ्यापाशी थांबले.

"हात लांब हायत तुझे," ते म्हणाले, "पण जीभ त्याहून लांब दिसून राहिली. तू काठावर बस. काठावरनं बोलणारा बी लागतो एखादा."

तेव्हापासून मी काठावर आहे. वर्तमानपत्रात तिरकस सदर लिहून पोट भरतो. सरांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच.

सर मूळचे अहमदपूर तालुक्यातले. ज्या लातूरला एकदा प्यायचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं, त्या मुलखातल्या माणसानं आयुष्य नाव वल्हवायला शिकवण्यात घालवावं, हा विनोद माझ्या सदरात खपला नसता. संपादक म्हणाले असते, जरा ओढून-ताणून वाटतंय. पण सरांनी फौजेत वल्हं हाती घेतलं ते सुटलंच नाही. भारतीय संघाबरोबर ते एकदा परदेशीही गेले होते, राखीव म्हणून. राखीव माणसाला काठावर उभं राहून शर्यत बघावी लागते. पुढच्या नावांतले खेळाडू उतरून, अंग पुसून, केळी खाऊ लागले तेव्हा कुठं आपली नाव पोचली, हे सरांनी तिथं पाहिलं. आपल्या हातचं एक तरी पोर अंतिम शर्यतीतल्या त्या पुढच्या सहा नावांत बसलेलं पाहायचं, हे त्यांनी तिथंच ठरवलं. त्यांनी आयुष्यात दुसरं काही मागितल्याचं मला ठाऊक नाही.

नांदेडच्या वरच्या अंगाला गोदावरी अडवली आहे. तिथल्या काठावर सरांनी पत्र्याची शेड उभी केली आणि फौजेतल्या ओळखी वापरून मोडक्या नावा आणून दुरुस्त केल्या. या खेळात खेळाडू जायच्या दिशेला पाठ करून बसतो. सर नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचे, "पुढं असलास तर मागचे समदे दिसतात. मागं पडलास तर कोन्हीच दिसत न्हाई, नुस्तं आपलंच पानी दिसतंय. ते बघत बघत बी वल्हं मारायचं असतंय, बाबा."

भारतीय संघाची कामगिरी आता सांगायलाच हवी. आशियात आपल्याला पदकं मिळतात. ती खरी आहेत, घामाची आहेत. पण त्यापलीकडं जग सुरू होतं आणि तिथं आपण बहुधा आपलंच पाणी बघत असतो. आधी प्राथमिक शर्यत होते, मग हरलेल्यांना आणखी एक संधी मिळते, आणि मग अंतिम फेरी. ती एक नसते. पहिले सहा 'अ' अंतिम फेरीत, पुढचे 'ब'मध्ये, मग 'क', मग 'ड'. म्हणजे घरी परतण्याआधी प्रत्येकाला कुठली तरी अंतिम फेरी मिळतेच. लग्नाची शेवटची पंगत म्हणा. जेवायला सगळ्यांनाच बसवतात, फक्त तोवर जिलेबी संपलेली असते.

त्या शेवटच्या पंगतीपर्यंत सरांची एक विद्यार्थिनी पोचली. सुजाता सोनकांबळे, शिरूर अनंतपाळची. पोरीला पाण्यात घालायला आई तयार नव्हती. सरांच्या पत्नी काकूंनी त्या माउलीला घरी ठेवून घेतलं आणि आठवडाभर शेडवर बसवून सगळं दाखवलं, तेव्हा होकार आला. सुजाता शेडमधल्या दोघांच्या जुन्या नावेत शिकली आणि भारताच्या दोघींच्या नावेत बसली. जागतिक स्पर्धेतली तिची शर्यत आम्ही शेडमध्ये सरांच्या मोबाइलवर पाहिली. कॅमेरा पुढच्या नावांवरून हलेना. आपली नाव चौकटीत येईचना.

"सर, आपल्या पोरी कुठंयत?" मी विचारलं.

"हायत," सर म्हणाले. "बुडाल्या असत्या तर दाखवल्या असत्या."

'ड' अंतिम फेरीत त्या शेवटच्या आल्या. सुजाता परतली तेव्हा सर नांदेडच्या स्टेशनवर डबा घेऊन उभे होते. हरून येणाऱ्या प्रत्येक पोरासाठी ते असे उभे राहत आले आहेत. "जिंकलेल्याला हार घालायला गाव येतंय," ते म्हणतात. "हरलेल्याला भूक लागलेली असती." सुजातानं स्टेशनवरच बाकावर बसून भाकरी खाल्ली. घास घेता घेता तिनं विचारलं, "सर, दिसलो का आम्ही?" सर म्हणाले, "हाव. लई सरळ चालली होती नाव."

इकडे सरांच्या अहमदपुरात मात्र बसस्थानकासमोर फलक लागला होता : 'जागतिक अंतिम फेरीत धडक!' उघड्या जीपमधून सुजाताची मिरवणूक निघाली, गुलाल उडाला, हलगी वाजली. व्यासपीठावर सरांनी माइक घेतला आणि शांतपणे सांगितलं, "ही शेवटची फेरी होती आन् तिच्यात आमी शेवटचे आलो. पहिल्या सहात यायचं तर पोरींना नवी नाव पायजे आन् बारमाही पानी पायजे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांनी डोळे पुसत माइक घेतला. "पाहा! काय हा विनय!"

आमच्याकडं सत्कारमूर्तीनं नाही म्हणायचं असतं आणि समितीनं ते ऐकायचं नसतं. शाल नको म्हटलं की खांद्यावर घालायची, फेटा नको म्हटलं की बांधायचा. सत्कारमूर्ती खरंच नको म्हणत असेल, अशी सोय आमच्या सत्कारांत ठेवलेली नाही.

म्हणूनच हा ग्रंथ काढणाऱ्या समितीला एक गोष्ट सांगतो. अध्यक्ष त्या मिरवणुकीच्या व्यासपीठावरचे तेच आहेत. पंचाहत्तरीनिमित्त शेडच्या जागेवर सरांच्या नावाचं सभागृह उभारायचं समितीनं ठरवलं. त्या बैठकीला सर होते, मीही होतो. सर उठून म्हणाले, "मला सभागृह नको. नावा ठेवायला ती येवढीच जागा हाय."

"सरांचा विनय!" अध्यक्ष म्हणाले. ठराव एकमतानं मंजूर झाला.

सुजाता ज्या नावेत शिकली ती नाव स्मृती म्हणून प्रवेशद्वाराशी उभी करायचंही ठरलं. नाव फार लांब, कमानीत बसेना. तेव्हा मधून कापून दोन बाजूंना दोन खांब करायचे, वर दिव्यांच्या माळा सोडायच्या. सर पुन्हा उठले. "कापू नका तिला. चालती हाय ती अजून." अध्यक्षांनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं. "सर, तुमचं हे नेहमीचंच."

समितीला नम्रपणे सांगतो : बिरादार सर विनयशील नाहीत. तीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून विनयाचं एक वाक्य ऐकलेलं नाही. शेवटचे आलो म्हणाले, तेव्हा शेवटचेच आले होते. नको म्हणाले, तेव्हा नकोच होतं. हे छापून काही बदलेल अशी आशा मला नाही. माझा लेख येईल, सरांच्या खांद्यावर शाल येईल आणि सत्काराच्याच मुहूर्तावर भूमिपूजन होईल. शेवटच्या पंगतीतही आता आमची पोरं दिसणार नाहीत, आणि कॅमेऱ्याला त्याचं सुतक नसेल.

आज सकाळी शेडवर गेलो. बाकीच्या नावा लातूरच्या एका गोदामात रवाना झाल्या होत्या. तेवढी एकच उरली होती, कापायला येणाऱ्या सुताराची वाट बघत. सुजाता रजा टाकून आली होती. तिनं आणि सरांनी नाव खांद्यावर घेऊन पाण्यात सोडली. सर पुढं बसले, सुजाता मागं.

"सर, परत आणून ठेवणार कुठं?" मी काठावरून ओरडलो.

"ते तू लिव्ह," सर म्हणाले. "तुला त्याच्यासाठीच बसवलंय."

वल्ही पडली. नाव सरळ चालली. जाणारी माणसं पाठ दाखवून जातात. सर दूर जात होते आणि त्यांचं तोंड आमच्याकडंच होतं. बराच वेळ ते तसेच आमच्याकडं बघत लहान होत गेले.

सरांनी शतायुषी व्हावं, असं अशा लेखाच्या शेवटी म्हणतात. संघाची आणि आपली गती पाहता शंभर वर्षं फार थोडी पडतील. म्हणून मी जास्तच मागतो. त्यांचे खांदे असेच शाबूत राहोत आणि श्वास असाच लांब चालो. आणि सुतार येईल तेव्हा नाव पाण्यातच असो.