फिलोमिना आत्याने सांगितलेलं नाव

फिलोमिना आत्या गेल्याचा निरोप आला तेव्हा बाबा वाडीत केळींना पाणी देत होते. "गेली का," एवढंच म्हणाले आणि पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं... सख्खी बहीण, इथेच गिरीजमध्ये दोन वाड्या पलीकडे राहणारी, आणि बारा वर्षं बोलणं नाही. कारण सगळ्या गावाला तोंडपाठ होतं. बेचाळीसच्या चळवळीत बाबांचं नाव पोलिसांना तिनेच सांगितलं आणि बाबा आठ महिने तुरुंगात राहिले. मीही तिला घरभेदीच म्हणत आले.

आत्या विधवा, तोंडाने फटकळ. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून ती सुकेळी करायची. फौजदारांच्या बायकोचे आठवड्याला तीन उपास, आणि सुकेळी उपासाला चालतात. त्यामुळे आत्याची टोपली थेट त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत जायची. पोलिसांचं मीठ खाते, असं गाव म्हणायचं. मला ते पटायचं.

आत्याला जाऊन महिना झाला तेव्हा चर्चमध्ये तिच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी झाला, त्यानंतर विरारचे एक वयस्कर मास्तर मला बाजूला घेऊन सांगू लागले. बेचाळीसमध्ये ते आणि आणखी तिघे आत्याच्या माळ्यावर लपून होते. धाड कुठे पडणार हे ती फौजदारांच्या घरी ऐकायची आणि सुकेळ्यांच्या पुड्यांत चिठ्ठ्या घालून गावोगाव पोचवायची. पुढे फौजदारांना तिचाच संशय आला. तो फिटायला एक खरं नाव देणं भाग होतं. तिने भावाचं दिलं, म्हणून तिच्या घराची झडती टळली आणि माळ्यावरचे चौघे वाचले.

मला रडू आलं, पण कोणासाठी ते कळेना. चौघांना वाचवायला पाठचा भाऊ द्यावा का? बाबांना सांगावं तर जुनं दुखणं उकरायचं, न सांगावं तर आत्या कायमची घरभेदी... दोन दिवस नुसता घोळ घातला आणि शेवटी सांगून टाकलं.

बाबांना नवल वाटलं नाही. "माजंच नाव सांग, म्हनून मीच सांगितलेलं तिला," ते म्हणाले.

मग ही बारा वर्षं कशासाठी, असं मी जवळजवळ ओरडूनच विचारलं. मला राग आला होता, आणि आज लिहितानाही तो नेमका कोणावर ते सांगता येत नाही. बाबा पायांवरचा वाळलेला चिखल खरवडू लागले.

"एकदा तरी ती नाय म्हनंल, असं वाटलेलं."