मार्गारेटबाईंच्या रायफलवरचे सिंह

मित्रांनो, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून तुम्हालाच विचारतो.

कार्डिफमधल्या आमच्या शेजारच्या मार्गारेटबाईंनी आज भिंतीवरची निकामी केलेली रायफल दाखवायला बोलावलं. त्यांचे दिवंगत यजमान सांगायचे, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात हीच माझ्या खांद्यावर होती. रविवारी नातू ती घेऊन जाणार आहे, या गोष्टीसकट.

"हे चिन्ह कसलं?" त्यांनी बोट ठेवलं.

पोलादावर तीन सिंह होते, आपल्या नाण्यावरचे. महायुद्धात तिथे ब्रिटिश मुकुट असायचा. सिंह आले ते स्वातंत्र्यानंतर, म्हणजे ही रायफल महायुद्धातली असूच शकत नाही.

"हे तर भारताचे सिंह!" मी बोलून गेलो.

"बघा! म्हणजे रायफल तिकडचीच. माझ्या नवऱ्याला त्याचे भाऊ जन्मभर थापाड्या म्हणायचे." त्यांचे डोळे भरून आले.

मी चहा संपवला आणि निघालो.

घरी बायको म्हणाली, "अहो, माणूस लढला की नाही, ते रायफल थोडीच ठरवणार?"

पटतं. पण नातू ते सिंह कधीतरी एखाद्या जाणकाराला दाखवेलच, आणि तेव्हा त्याला समजवायला आजी नसेल.

तुम्ही असता, तर रविवारच्या आत बोलला असता?