मशिना दोन, मिस्त्री एकच

आमचे मिस्त्री भानुदासभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी एसीची जाळी नळाखाली धरून घासत होते. फोन मुरुडहून, त्यांच्या मूळ गावाहून, त्यांच्या बायकोचा, सुमनवहिनींचा. "ताई, हे गेले... सकाळी छातीत कळ आली. लातूरला नेऊस्तोवर सगळं संपलं." ओल्या हातानं फोन धरून मी तशीच उभी राहिले. आणि कबूल करते, माझ्या मनात आलेला पहिला विचार त्यांचा नव्हता, वहिनींचाही नव्हता. पहिला विचार आला, आता ऋतुजाचं काय? त्या विचाराची मला लाज वाटली. दीड महिना झाला, अजून वाटते. म्हणून हे लिहायला बसले आहे.

ऋतुजा माझी मुलगी. तिला घाम येत नाही. घामाच्या ग्रंथीच जन्मतः जवळजवळ नाहीत. तुम्ही-आम्ही उन्हातून आलो की निथळतो आणि कुरकुर करतो, तिचं अंग मात्र नुसतं तापत जातं. ती चार वर्षांची असताना एका मे महिन्यात तिला झटके आले, आणि दवाखान्यातून घरी आल्यावर सगळ्या नातेवाइकांनी एकसुरात सांगितलं, नांदेड सोडा, पुण्याला जा. माझी शाळा इथं, घर इथं, माणसं इथं. मी म्हटलं, नांदेड काही मी सोडणार नाही, घर थंड करीन. मग एसीचा मिस्त्री शोधायला निघाले. तिघं-चौघं येऊन गेले. दारात उभं राहून खोलीवर नजर टाकायची, सगळ्यात मोठ्या मशीनचं नाव घ्यायचं आणि चहा न घेता निघून जायचं, असा सगळ्यांचा खाक्या. भानुदासभाऊ तेवढे म्हणाले, "दुपारी तीनला येतो. सकाळच्या खोलीला काय बघायचं?" तीनला आले, पंखा बंद करायला लावला, पश्चिमेच्या भिंतीला पाठ टेकून अर्धा तास खोलीत बसून राहिले. बाहेर आले ते घामानं चिंब. म्हणाले, "ताई, मशीन नंतर. आधी गच्चीला पांढरा चुना मारा अन या भिंतीला बाहेरून सावली करा. भिंत तव्यासारखी तापून राहिली." चुना मारला, भिंतीला बाहेरून बांबूच्या तट्ट्या लावल्या, त्यानंतरच त्यांनी मशीन बसवली. एक मोठी नाही, दोन लहान. "एकच मोठी लावली अन ती बंद पडली, तर लेकराला कुठं नेता? दोन असल्या की एक तरी चालती."

पुढची पंधरा वर्षं ऋतुजा त्या खोलीत वाढली. दहावी तिथं, बारावी तिथं. आता ती कॉलेजला जाते, उन्हाळ्यात सकाळचे तास करून दहाच्या आत घरी येते. भानुदासभाऊ मार्चमध्ये आणि दिवाळीनंतर न बोलावता यायचे. माणूस तसा सरळ नव्हता, हे सांगायला हवं. तिरसट होते, दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवायचे, फोन तर हमखास उचलायचे नाहीत. मी रागावले की म्हणायचे, "फोन उचलला तर हातातली मशीन कोन धरंल?"

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट टाकला. त्यानंतर आले ते चहाचा कप बाजूला सारून म्हणाले, "ताई, आपलं एक चुकलं. मशिना दोन हायत, मिस्त्री एकच. हे बरोबर न्हाई." मी विषय उडवून लावला. ते ऐकेनात. दुसरा मिस्त्री शोधायचाच, आणि तो ते स्वतः पारखणार. पण त्यांच्यासमोर कोणीही नीटच काम करील. म्हणून त्यांनी ठरवलं की ते ऋतुजाचे मुरुडचे मामा होऊन बसणार! नांदेडातला नावाजलेला मिस्त्री डोक्यावर टोपी, खांद्यावर पंचा टाकून आमच्या बैठकीत बसला आणि पहिल्या मिस्त्रीला भोळेपणानं विचारता झाला, "गॅस म्हंजे सिलेंडरातला का हो?" तो बिचारा दहा मिनिटं समजावून सांगत होता. ऋतुजानं हसू दाबत स्वयंपाकघर गाठलं. तो गेल्यावर मामांचा निकाल आला, "गॅस संपला म्हनतो, अन गेज लावलंच न्हाई. दाब न बघता कसं कळलं? नापास." दुसरा ऊन लागतं म्हणून गच्चीवरच्या मशीनकडे फिरकला नाही. तोही नापास. तिसरे अर्धापूरचे गजानन. त्यांनी गेज लावलं, गच्चीवर जाऊन मशीन धुतली, आणि म्हणाले, "गॅस भरलेला हाय, काही टाकायचं न्हाई." मामा माझ्याकडे बघून मान हलवून म्हणाले, "चहा टाका ताई." इतकं समाधानी मी त्यांना क्वचितच पाहिलं. त्यांनी मला बजावलं होतं, मी कोण ते याला सांगू नका. मी सांगितलं नाही.

एप्रिल लागला, आणि मी गजाननांना फोन केला. ते आले, चप्पल काढता काढता म्हणाले, "भानुदास मिस्त्री गेले म्हने... त्या दिवशी मामा म्हनून बसले होते न्हाई का? मी दारातच वळखलं."

"मग बोलला का नाहीत?"

"त्यांनी वळख दाखवली न्हाई, मग मी कशी दाखवू?"

मी मास्तरीण आहे. परीक्षक समोर बसलाय हे ठाऊक असलेल्या मुलाचे मार्क किती धरायचे, हे मला कळतं. म्हणजे भाऊ ज्या भरवशावर निश्चिंत झाले, तो भरवसाच कच्चा होता. मी सरळ विचारलं, "ते बसलेले नसते तर असंच काम केलं असतं?"

गजाननांनी काढलेली चप्पल पायानं सरळ केली. मग म्हणाले, "खरं सांगू का ताई? गेज लावलं असतं. पन गच्चीवर... गेलो नसतो बहुतेक. ऊन लई होतं."

मला राग यायला हवा होता. पण खोटं बोलणं इतकं सोपं असताना हा माणूस खरं बोलला, हेही मी ऐकलं होतं. तेवढ्यात ऋतुजा तिच्या खोलीतून बाहेर आली. सगळं ऐकलं होतं तिनं. म्हणाली, "काका, उद्या सहाला या. ऊन चढायच्या आत. मीपण गच्चीवर येते, मला गेज लावायला शिकवा."

"तुला उन्हाचा तरास हाय ना गं?"

"म्हणूनच. भानुदासमामा जन्मभर पुरले नाहीत, तुम्हीही पुरणार नाही. मला तर याच गावात राहायचंय."

दुसऱ्या दिवशी पावणेसहालाच बेल वाजली. ओला टॉवेल मानेभोवती गुंडाळून माझी लेक जिना चढली. बाहेरच्या मशीनवर भाऊंनी सावलीसाठी स्वतः बांधलेली हिरवी जाळी वाऱ्यानं हलत होती. आम्ही ती सोडली नाही, तिच्याखालीच वाकून दोघं कामाला लागले. गजाननांनी नळी जोडली, गेजचा काटा हलला, आणि ते आकडा सांगणार तेवढ्यात ऋतुजानं हात आडवा केला.

"थांबा काका. आधी मी वाचते."