अण्णांनी न सांगितलेलं

अण्णा तापमान हाताने सांगायचे. तापलेल्या पाइपला पालथा हात क्षणभर टेकवायचे आणि म्हणायचे, “सत्तर असंल.” आमच्या मीटरवर एकाहत्तर दिसायचं. मी हसलो की म्हणायचे, “मीटर बी बरोबरच हाय की वो तुमचं.”

राजाजीनगरात त्यांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस निपाणीकडचा, त्यामुळे त्या कानडी शहरात मराठी ऐकू आली की खूश. मी आणि ऑफिसातला मित्र मिलिंद हेब्बाळच्या पुढे एका शेडमध्ये दोन आसनांचं विमान बांधत होतो. पाण्यावर थंड होणाऱ्या त्याच्या इंजिनाचा रेडिएटर गळायला लागला, तेव्हा तो आम्ही अण्णांकडे नेला. बसच्या रेडिएटरांमध्ये आयुष्य गेलेल्या अण्णांनी तो डाग देऊन, म्हणजे झाळून, दुरुस्त करून दिला आणि गल्लीभर सांगितलं, “इमानाचं काम केलो.”

रेडिएटर बसवून इंजिन चालू केलं, तर पाच मिनिटांत काटा लाल रेषेवर. मी लॅपटॉपवर आलेख काढले आणि मिलिंदला ठामपणे सांगितलं, “अण्णांच्या डागकामात नळ्या बुजल्यात.” अण्णांना फोनवरही तेच ऐकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकान बंद ठेवून, दोन बस बदलून शेडवर आले.

“स्वल्प थांबा,” म्हणून त्यांनी आधी इंजिन चालू करायला लावलं. एका पाइपला हात लावला, मग दुसऱ्याला. “ह्यो तापलाय, त्यो गार. पाणी फिरंना झालंय.” इंजिन निवल्यावर त्यांनी रेडिएटर सोडवून त्यात बादलीभर पाणी ओतलं. ते खालून धो धो वाहून गेलं. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, “माझं काम मोकळं हाय, साहेब.” मग गार पाइप काढून त्यात वाकवलेली तार घातली. तारेला अडकून बाहेर आलं ते माझं चष्मा पुसायचं निळं फडकं.

रेडिएटर दुरुस्तीला काढला तेव्हा धूळ जाऊ नये म्हणून मीच ते पाइपात कोंबलं होतं आणि साफ विसरलो होतो.

मिलिंद तेव्हा कॉफी आणायला गेला होता. अण्णांनी फडकं पिळलं, माझ्या हातात दिलं. “बोळा घालायचा तर लांब चिंधी घ्यावी, भायेर लोंबती ठेवावी. वर माणूस बसणार हाय.” एवढंच. मिलिंद आला. “काय होतं?” त्याने विचारलं. अण्णा माझ्याकडे बघत थांबले. फडकं माझ्या खिशात होतं. मी म्हणालो, “पाइपात हवा अडकली होती.”

“म्हणजे पाणी नीट भरलं नव्हतं. अण्णा, भरताना हवा काढायला लागते, एवढं तरी सांगायचं ना!” मिलिंद म्हणाला.

“सरी,” अण्णा कानडीत ‘बरं’ म्हणाले आणि रेडिएटर परत बसवायला लागले.

नंतरची कामं मिलिंदने दुसरीकडे दिली. विमान पहिल्यांदा उडणार त्या दिवशी कुणाकुणाला बोलवायचं, ती यादी मी केली. शेजारी, ऑफिसातले, शेडचा रखवालदार, सगळे होते तीत. अण्णा नव्हते. त्यांच्यासमोर उभं राहण्याची माझी हिंमत नव्हती.

आठ महिन्यांनी राजाजीनगरात गाठ पडली. त्यांनीच हाक मारली, “साहेब, इमान उडालं म्हणं?”

“उडालं, अण्णा.”

“पाणी तापलं न्हाई न्हवं?”

“नाही.”

“मग झालं,” ते म्हणाले. मग म्हणाले, “घरात आमची अक्का इचारत हुती, आपल्याला कधी बोलावत्यात म्हणून.”

त्याच संध्याकाळी मी मिलिंदला सगळं सांगितलं. मग त्याने माझ्यासमोर अण्णांना फोन लावला, स्पीकरवर, आणि माफी मागितली.

“तुमी कशाला माफी मागता?” पलीकडून अण्णा म्हणाले. “तुमाला कुठं ठावं हुतं?”

मी शेजारीच बसलो होतो.