जहाजाच्या दारात

खांदा कॉलनीतल्या आमच्या स्कूबा क्लासमध्ये किस्से गाळासारखे साचतात. कोणी ढवळत नाही तोवर सगळं स्वच्छ दिसतं. मी इंजिनीअरिंग अर्ध्यात सोडून इथे सिलिंडर भरतो आणि नेऱ्याच्या एका फार्महाऊसच्या पूलमध्ये नवख्यांचा सराव घेतो. ढवळायचं काम माझ्याकडेच.

*

आमचे सर अनुभवी आहेत. म्हणजे आजवर वाचलेत.

नवख्यांनी अठरा मीटरच्या खाली जायचं नसतं. पण मासे बघून आता कोणाचं समाधान होत नाही, म्हणून सर त्यांना तीस मीटरवर बुडालेल्या मालवाहू जहाजात नेतात. मी म्हटलं, "सर, आत डोक्यावर छप्पर असतं. कोणी घाबरलं तर वर कुठे जाणार?"

"कॉलेज सोडताना तू हा विचार केला होतास?"

सगळे हसले. प्रश्न तसाच राहिला.

*

जहाजात एक लाथ चुकली की गाळ उठतो, स्वतःचा हात दिसत नाही. म्हणून मी पूलमध्ये नवख्यांच्या मास्कला काळी टेप लावून त्यांना दोरी चाचपत बाहेर यायला लावतो. एक निवृत्त बँक मॅनेजर दोरी सोडून भलत्याच कोपऱ्यात जाऊन बसले. वर काढल्यावर म्हणाले, "मला रस्ता माहीत होता."

रस्ता माहीत असलेली माणसं आमच्या घरीही आहेत.

*

उरणचे म्हात्रेकाका मुलीला, श्वेताला, घेऊन आले. मी समजावलं, तीस मीटरवर श्वासातला नायट्रोजन दारूसारखा चढतो आणि चढलेल्याला पत्ता नसतो.

"मला कायच चढत नाय. आमी खाडीतली मानसं. तू आमाला पानी शिकवतो?"

"काका, खाडीत तीस मीटर पाणी असतं?"

"तोंड लय चालतं तुझं."

*

डायव्हिंगचा एक नियम मला मनापासून आवडतो. कोणीही, कधीही अंगठा वर केला की सगळ्यांनी वर यायचं. वय विचारायचं नाही, कारण विचारायचं नाही.

म्हात्र्यांच्या घरात मात्र काका उठल्याशिवाय ताटावरून कोणी उठत नाही. पूलमध्ये श्वेताच्या सिलिंडरचा काटा लाल रंगात गेला, तरी ती तळाशी बसून होती. मीच तिला वर आणलं.

"अंगठा का नाही केलास?"

"बाबा अजून खाली होते."

हे मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, "संस्कार आहेत मुलीवर."

*

काका जातील तिथे श्वेता जाणार, हे मला कळलं होतं. म्हणून जहाजाच्या डाइव्हला मीही गेलो.

खाली सर पुढे व्हिडिओ काढत होते. काका जहाजाच्या काळ्या दारापाशी थांबले. मागे श्वेता, तिच्या मागे मी. श्वेताने अंगठा वर केला. काकांनी मान हलवली, खाली वाकले आणि शांतपणे पायातले फिन्स काढायला लागले. आधी डावा, मग उजवा. दोन्ही जोडीने दाराबाहेर ठेवले, दाराला नमस्कार केला आणि डोकं आत घातलं.

श्वेताने त्यांचा सिलिंडर मागून धरला आणि ओढला. दुसरी बाजू मी धरली. थांबत थांबत वर आणलं.

बोटीवर काका बराच वेळ स्वतःच्या अनवाणी पायांकडे बघत बसले. मग त्यांनी विचारलं, "श्वेता, मी आत गेल्तो का गं?"

"नाय बाबा. तुमी चपला काढत होता."